तारखेच्या दिवशी पाहिलेली मुंबई

मुंबई मी एकदाच हिंडून पाहिली. माझ्या मुलाने ज्याचा हात कायमचा निकामी केला तो माझा पुतण्या बरोबर होता, आणि गाडी त्याच्या बापाची होती. बाप म्हणजे माझे धाकटे दीर. आम्ही तिघंच होतो.

बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं. आमच्याकडे दिंडोरी भागात वाटत नाही. कोर्टाची तारीख असली की फिर्यादीच्या आणि आरोपीच्या घरचे पुष्कळदा एकाच गाडीने जातात. जायचं एकाच जागी, वेळही एकच, मग दोन गाड्यांचं डिझेल कशाला जाळायचं. दारात उतरलं की दोन बाजूंना उभं राहायचं, काम झालं की परत त्याच गाडीत बसायचं. वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही तरी चालतं.

माझे मालक आणि भाऊजी वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, द्राक्षाचा मांडव मात्र वाटता आला नाही. मांडवाच्या तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या असतात. मध्ये कापल्या की दोन्हीकडचा मांडव खाली बसतो. म्हणून बांधाचा दगड जमिनीत रोवला आणि वर ओळी तशाच सलग राहिल्या. वरची अर्धी ओळ त्यांची, नाल्याकडची अर्धी आमची. मालक वारले, मुलगा बाग बघायला लागला, तरी तसंच चालू होतं.

एका हिवाळ्यात भाऊजींनी गर्डलिंगसाठी पेठकडची टोळी लावली. मणी फुगावेत म्हणून खोडाभोवतीची सालीची बारीक पट्टी सुरीने काढून टाकतात, बांगडी उतरवल्यासारखी. त्याला आमच्याकडे सगळे गर्डलिंगच म्हणतात. वेळेवर केलं तर माल चांगला येतो. झाड कच्चं असताना केलं तर झाड बसतं आणि माल हातचा जातो. भाऊजींनी मुकादमाला सांगितलं, "ओळ संपेपर्यंत करा." त्यांच्या हयातीत ओळ नाल्यापाशीच संपत आली होती, तोंडात तेच बसलं होतं. टोळीने सांगितलं तसं केलं. नाल्यापर्यंतची सगळी झाडं सोलली. आमची छाटणी उशिराची, आमचे मणी बाजरीएवढे होते.

त्याच दिवसांत शेजारच्या गावात कोणीतरी दावा साधून एकाची उभी बाग बुंध्यातून कापली होती. सगळा तालुका तेच बोलत होता. माझा मुलगा सकाळी बागेत गेला, खोडाखोडाखाली पडलेली साल पाहिली आणि फावडं उचललं.

पुतण्या ठिबकच्या नळ्या जोडत उकिडवा बसला होता. पहिला घाव डोक्याला चाटून गेला. त्याने हात वर केला, दुसरा कोपरावर बसला. मी शेडमधून येत होते. हाड मोडल्याचा आवाज ओली फांदी पिळून मोडावी तसा येतो. माझ्या मुलाने शिवी दिली नाही, काही विचारलं नाही. ढेकूळ फोडतात तसा मारत राहिला. मी त्याला मागून धरलं तर दांडा माझ्या बरगडीत बसला. फावड्याला केस चिकटले होते. पुतण्याच्या तोंडात माती गेली होती आणि तो मातीतूनच "दादा, दादा" म्हणत होता. माझ्या मुलाला तो लहानपणापासून दादा म्हणायचा.

तो जगला. हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत. द्राक्षवाला माणूस आणि कात्री धरता येत नाही, म्हणजे काय उरलं. माझ्या मुलाला शिक्षा लागली, तो आत गेला. घरी सून आणि दोन लहान मुलं. आम्ही मुंबईला अपील केलं. वकील म्हणाले, "जखमी माणसाने आपखुशीने लिहून दिलं की आमचं मिटलं आहे, तर भोगली तेवढ्या शिक्षेवर सोडू शकतात. हमी देत नाही. पण त्याच्याशिवाय अवघड आहे."

मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "हात त्याचा गेलाय वहिनी. त्याला विचारा. मी मध्ये बोलणार नाय." पुतण्याला विचारलं की तो उठून जायचा. म्हणून मी मुंबईच्या तारखेला निघाले. पुढच्या तारखेच्या आत मला त्याचं हो पाहिजे होतं.

अंधारात निघालो आणि कोर्टात वेळेवर पोचलो. आमच्या वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. दुपार व्हायच्या आत आम्ही परत फुटपाथवर होतो.

"झालं?" पुतण्या म्हणाला. "एवढ्यासाठी घाट उतरलो?"

"एवढ्यासाठीच," भाऊजी म्हणाले. "आता आलोच हाय तर समुद्र बघू. ओझरला विमानं लय बघितली, बोट बघायची राहिली."

मग आम्ही चालत गेटवेला गेलो. रस्ते रुंद, झाडं मोठी, इमारतींना काळे दगड. भाऊजी प्रत्येक इमारतीकडे बोट दाखवून ही किती जुनी असेल ते सांगत होते, आणि सगळं अंदाजाने. पुतण्या मागून येत होता. त्याचा उजवा हात खिशात असतो. तो स्वतः जात नाही, डाव्या हाताने खिशात घालावा लागतो.

गेटवेपाशी फोटो काढणारे पुष्कळ. ते माणसाला लांब उभं करतात आणि हात वर करायला लावतात, म्हणजे फोटोत असं दिसतं की माणसाने गेटवेचं टोक चिमटीत धरलंय. एकजण पुतण्याच्या मागे लागला. पुतण्या नको म्हणाला. तो ऐकेना. "अरे साहेब, हात वर करा, एकदम भारी येतो," म्हणत त्याने हसत हसत पुतण्याचा उजवा हात खिशातून ओढला आणि वर उचलला.

पुतण्याने डाव्या हाताने त्याच्या नाकावर ठोसा मारला. माणूस बसला तसा त्याच्या छातीवर गुडघा दिला. कॅमेरा लांब गेला. कबुतरं उडाली. रक्त त्याच्या दातांवर आलं आणि तो अजून अर्धवट हसतच होता, कारण काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं. पुतण्याने आणखी दोन लगावले. मी त्याची कॉलर मागून धरली आणि ओढला. शर्टाची शिवण उसवली. भाऊजी त्या माणसाच्या पाया पडत होते. एक हवालदार काठी आपटत आला, पुतण्याचा हात पाहिला, आणि म्हणाला, "घेऊन जा याला इथून. लवकर."

आम्ही पलीकडे जाऊन समुद्राच्या कठड्यावर बसलो. घरून आणलेल्या भाकरी आणि ठेचा सोडला. पुतण्याच्या मुठीला फोटोवाल्याचं रक्त होतं. त्याने ते पँटला पुसलं आणि भाकरी मोडली.

"उगाच मारलंस," भाऊजी म्हणाले.

"त्याने हात ओढला."

"त्याला काय माहीत?"

"दादाला तरी काय माहीत होतं," पुतण्या म्हणाला. ओळ कोणी सांगितली होती ते तिघांनाही ठाऊक होतं.

शेजारी बसलेल्या एका बाईने सांगितलं की बोटीत बसायचं तर भाऊच्या धक्क्यावर जा, तिथून पलीकडे मोऱ्याला लाँच जाते, एसटीसारखी, आणि मोठी जहाजं जवळून दिसतात. भाऊजींना तेच पाहिजे होतं. गाडी काढून आम्ही धक्क्यावर गेलो.

लाँच सुटली आणि भाऊजींना मळमळायला लागलं. ते खाली बाकावर डोकं धरून बसले. मी आणि पुतण्या वर गेलो. पाणी मातकट होतं, आमच्या नाल्याला पूर आल्यावर असतं तसं, फक्त त्याला पलीकडचा काठ नव्हता. जहाजं खरंच मोठी. एका जहाजाच्या पोटाखालून आमची लाँच गेली तेव्हा ऊन गेलं आणि थंडी वाजली. गंजाचे ओघळ वरून खालपर्यंत आलेले.

"मोठी आई, तुला पोहता येतं?" पुतण्याने विचारलं.

"नाय."

"मलाबी आता येत नाय. एका हाताने माणूस एकाच जागी गोल फिरतो. विहिरीत करून बघितलं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू बोट बघायला आलेली नाय."

"नाय. सहीसाठी आले."

"मग विचार की. सकाळपासून पाणी पितो का, भाकरी देऊ का, तेवढंच विचारतेस."

"करतो का सही?"

त्याने रेलिंगवर डावा हात टेकला. "मी त्याला रोज मारतो. दात घासताना मारतो, जेवताना मारतो. फावडं डाव्या हातात असतं. तो खाली पडतो, 'बस कर' म्हणतो, मी करत नाय. सही केली तर तो घरी येणार. माझ्या डोळ्यांसमोर मांडवाखाली कात्री चालवणार. मग मी खरंच मारीन. तो आत हाय तेच बरं हाय. त्याच्यासाठी बी."

तो हे हळू बोलत होता, पाऊस कधी येईल याबद्दल बोलावं तसं. मला पटलं की हा मारील. मुलगा मेलेला आणि पुतण्या आत, नाहीतर उलटं. तिसरं काही होणार नव्हतं.

"मला मार," मी म्हणाले.

"येडी झालीस का?"

"तो इथं नाय. मी हाय. त्याच्या अंगातलं हाड माझंच हाय. माझा उजवा हात घे, आणि मग सही कर."

तो हसला. "म्हातारीचा हात मोडून मला काय मिळणार?"

"ते तू बघ. मी सांगितलं."

पलीकडे उतरून आम्ही चहा घेतला, भाऊजी ओकले, आणि त्याच लाँचने परत आलो. भाऊजी धक्क्यावर उतरले आणि गाडी आणायला गेले. आम्ही दोघं थांबलो.

धक्क्यावर मच्छीमार बोटींत बर्फ भरत होते. लाद्या यंत्रात जात होत्या आणि चुरा होऊन बोटीच्या पोटात पडत होता. सगळीकडे ओलं, खवले, माशांची आतडी. एक कोळीण टोपलीसाठी बर्फ फोडत होती. ती कोणाशी तरी बोलायला वळली आणि तिने दांडका खोक्यावर ठेवला. चांगला बाभळीसारखा जड दांडका होता. पुतण्याने तो उचलला.

"बोललीस ते खरं का?"

"खरं."

मी जवळच्या बर्फाच्या लादीवर हात ठेवला. तो म्हणाला, "बर्फावर नको, सटकेल. इथं ठेव." लाकडी खोकं होतं, मासे कापायचं, त्यावर सुरीच्या खुणा. मी हात तिथं ठेवला.

पहिल्यांदा मी हात काढून घेतला. अंग आपोआप घेतं. दांडका खोक्यावर बसला आणि फळी फुटली. "ठेव," तो म्हणाला. मी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. दुसरा घाव बोटांवर बसला. आधी काही वाटलं नाही, मग दातांपर्यंत गेलं. मधलं बोट मागच्या बाजूला वळलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवशी माझ्या मुलाचं जसं झालं होतं तसंच झालं होतं, समोर कोण आहे हे दिसत नसल्यासारखं. त्याने पुन्हा उचलला. मी एकच घाव धरला होता. त्याने तिसऱ्यांदा मारलं आणि पंजाचा वरचा भाग चेपला. मी ओरडले.

कोळणीने त्याच्या पाठीत लाथ घातली. तो माशांच्या घाणीत पालथा पडला. "मेल्या, आयशीला मारतोस?" ती म्हणाली आणि दांडका त्याच्याच खांद्यावर घातला. मग बोटींवरचे लोक उतरले. त्यांना काही विचारायचं नव्हतं. लाथा, बुक्क्या, एकाने जाड दोर दुमडून घेतला आणि त्याने मारायला लागला. पुतण्या एका हाताने डोकं झाकत होता, दुसरं झाकायला हात नव्हता. कोणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा.

पोलीस आले तर सही गेली. मी त्याच्या अंगावर आडवी पडले. दोर एकदा माझ्या पाठीवर बसला. "सोडा त्याला," मी म्हणाले, "माझा पुतण्या हाय. मीच सांगितलं होतं मारायला."

लोक थांबले. कोळीण माझ्याकडे बघत राहिली. "तू सांगितलंस?"

"घरातलं हाय."

"मग घरातलं घरी करायचं. धंद्यावर कशाला?" तिने शिव्या देत देत माझ्या हाताला बर्फ लावला, आपल्या डोक्यावरच्या फडक्याने बांधला, आणि पुतण्याला म्हणाली, "खोक्याची फळी फोडलीस. आणि दांडका धुऊन दे आधी." त्याने ओठातून रक्त गळत असताना दांडका नळाखाली धुतला आणि तिला दिला.

भाऊजी गाडी घेऊन आले. आम्हा दोघांना पाहून त्यांना वाटलं की लोकांनी आम्हाला लुटलं. पुतण्याने त्यांना खरं सांगितलं. ते गाडी चालवत राहिले. कसाऱ्याचा घाट चढल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, पुतण्याला बाहेर ओढला आणि पायातली चप्पल काढून मारायला लागले. तोंडावर, मानेवर, जिथं लागेल तिथं. ट्रकवाले हॉर्न देत जात होते. म्हातारा माणूस, धाप लागली तरी थांबेना. पुतण्या हात खाली सोडून उभा होता.

"भाऊजी, गाडीत बसा," मी आतून म्हणाले. "माझा हात दुखतोय. घोटीला दवाखाना गाठू."

घोटीच्या डॉक्टरने विचारलं कसं झालं. मी म्हणाले, धक्क्यावर घसरले. त्याने प्लास्टर घातलं. पुतण्या बाकावर माझ्या शेजारी बसला होता. त्याचा ओठ सुजला होता आणि एक डोळा मिटत आला होता.

"गेलं का डोक्यातून?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. "आता त्यात तू बी असतेस."

"मग सही?"

"करतो. तू हात ठेवलास."

पुढच्या तारखेला पुन्हा एकाच गाडीने गेलो. या वेळी कोणी समुद्राचं नाव काढलं नाही. त्याने डाव्या हाताने सही केली. लहान मुलाने काढावी तशी, मोठी आणि वाकडी. न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावलं आणि मराठीत विचारलं, तुम्ही हे आपखुशीने देता का, कोणी दबाव आणला, धाक घातला, मारहाण केली?

"मला कुणी नाय साहेब," तो म्हणाला.

मी माझा हात पदराखाली घेतला होता.

भोगली तेवढी शिक्षा पुरे झाली. मुलाला सोडायचं त्या दिवशी भाऊजीच मला घेऊन गेले. म्हणाले, "मी पुढं येणार नाय वहिनी. गाडीत बसतो." मुलगा फाटकातून आला, बारीक झालेला, केस पांढरे. पाया पडायला वाकला आणि त्याला माझा हात दिसला. प्लास्टर काढलं होतं, पण दोन बोटं तशीच वाकडी बसली आहेत.

"हे कुणी केलं?"

मी लपवलं नाही. सगळं सांगितलं, धक्का, खोकं, सही. तो ऐकत होता आणि त्याच्या मानेची शीर वर येत होती. तो म्हणाला, "त्याला मी सोडत नाय."

मी त्याच्या तोंडात मारली. डाव्या हाताला जोर कमी लागतो म्हणून पुन्हा मारली. फाटकावरचा शिपाई बघायला लागला. मुलगा ताठ उभा राहिला, हात बाजूला, आतमध्ये शिकवतात तसा. मी म्हणाले, "अजून एक हात हाय माझा. तो बी पाहिजे का तुला?"

त्याने मान हलवली. नाही म्हणून हलवली. भाऊजींनी हॉर्न वाजवला. तो मागच्या सीटवर बसला, मी पुढे, आणि दिंडोरीपर्यंत तिघांपैकी कोणी काही बोललं नाही.